जुलैमध्ये आईबाबांना बर्फ दाखवायचाय : थ्रेडबोचा गोंडोला की पेरिशरची नवीन सहा सीटवाली?

देवगडचा_बापू

नमस्कार मंडळी, आंबा आटोपला, यंदाची लावणी चुलतभाऊ बघणार आहे, म्हणून आईबाबांना घेऊन ऑस्ट्रेलियाला, कॅनबेराला ताईकडे चाललोय. तिकडे तेव्हा ऐन थंडी. बाबांचं एकच म्हणणं, एवढं लांब जायचं तर बर्फ बघायचा आणि तोही रस्त्याच्या कडेला साचलेला नाही, डोंगरावर जाऊन. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात व्यवस्थित पण बसून उठायला वेळ लागतो. आई धडधाकट आहे पण रायगडच्या रोपवेत वर पोचेपर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, येताना मात्र आरामात फोटो काढत बसली, तिचं काही सांगता येत नाही.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. तिथल्या डोंगरात थ्रेडबो आणि पेरिशर अशी दोन स्की रिसॉर्ट आहेत. भावोजी स्की करतात, त्यांच्याकडे एपिक पास (पेरिशरला चालणारा सीझनचा पास) आहे, त्यामुळे ते पेरिशर पेरिशर करतायत, म्हणे तिथे जुन्या दोन लिफ्ट काढून नवीन सहा सीटची टाकलीये, एकदम फास्ट. ताई म्हणते थ्रेडबोला बंद केबिनवाला गोंडोला आहे, तिथेच चला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही तिघंही स्की करणार नाही. नवीन लिफ्टमुळे नुसत्या बघ्यांना काही फरक पडतो का, चेअर मागून येऊन गुडघ्यावर आदळते असं ऐकलंय ते खरं का, आणि वारा सुटला की बंद करतात का? कोणी जाऊन आलंय का?

जिंदाबाईनचा_गुहागरकर

बापू, मी या डोंगराच्या पायथ्याच्या गावात, जिंदाबाईनलाच असतो आणि हिवाळ्यात लिफ्टवर काम करतो (कुठल्या रिसॉर्टच्या ते विचारू नका, नोकरी टिकवायचीये).

ताईंचं ऐका. थ्रेडबोचा मेरिट्स गोंडोला २०२० ला सुरू झाला, ऑस्ट्रेलियातल्या स्की रिसॉर्टमधला पहिलाच. आठ माणसांची केबिन, दार लागतं, बसायला बाक. त्याच्या आधी त्याच जागी दोन सीटची जुनी चेअर होती, इतकी रमतगमत जायची की वर पोचेपर्यंत माणूस गारठून जायचा, आता साधारण सहा मिनिटांत वर. स्की न करणाऱ्यांना तिकीट काढून जाता येतं, वर मेरिट्सला रेस्टॉरंट आहे, काचेच्या आत कॉफी घेऊन बसायचं आणि लोक पडताना बघायचं, निम्मे टुरिस्ट तेच करतात.

थ्रेडबोलाच दुसरी आहे कॉझिअस्को एक्सप्रेस, चार सीटची उघडी चेअर, ती ईगल्स नेस्टला नेते, १९३७ मीटरवर. कळसूबाई १६४६, म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर. त्यात पण पायी माणसांना घेतात. पण आईंचा विचार करा, कारण चेअरने खाली येताना तोंड दरीकडे असतं, पायाखाली काही नाही आणि समोर अख्खं गाव. बघा, रामरक्षा पुरेल का.

गुडघ्याचं म्हणाल तर जुन्या चेअर खरंच मागून येऊन पोटरीवर बसायच्या. नवीन प्रकारात चेअर काय किंवा केबिन काय, स्टेशनात हळू होते. आणि आपण आधी सांगायचं, लाजायचं नाही, ‘नी ऑपरेशन, स्लो प्लीज’ एवढं पुरे. समोर उभा असलेला पोरगा बटण दाबून अजून हळू करतो, गरज पडली तर थांबवतो. आम्हाला त्याचेच पैसे मिळतात.

वाऱ्याचं खरं आहे. टॉवरवर वारा मोजायची यंत्रं असतात, वारा वाढला की आधी स्पीड कमी करतात आणि मग बंद. बर्फ पडतोय म्हणून सहसा बंद नाही करत, वाऱ्यामुळे करतात. शिवाय ढग गोठून तारेवर, पुलीवर पांढरा कडक थर धरतो, तो पहाटे टॉवरवर चढून हातोड्याने ठोकून पाडावा लागतो. दोन हातमोजे एकावर एक, एका हाताने शिडी धरलेली आणि वरून बर्फाच्या खपल्या कॉलरमधून आत. खाली लोक घड्याळ बघत विचारतात, अजून सुरू का नाही केली.

मालवणी_तिरफळ

बापू माका एक सांग, म्हाताऱ्या आवशी-बापाशीक बर्फार कित्याक न्हेतस? देवगडचो वारो कमी पडलो काय?

मस्करी केलंय रे. जा जा, फोटो टाक मगे.

तारेवरचा_इंजिनियर

गुहागरकरांनी ‘स्टेशनात हळू होते’ म्हटलंय, ते कसं होतं ते सांगतो, कारण सगळ्या अपग्रेडचं मर्म त्यातच आहे.

जुन्या चेअर तारेला कायमच्या पकडलेल्या असतात. म्हणजे तार ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने चेअर तुमच्यामागे येणार. म्हणून तार फार पळवता येत नाही, सेकंदाला दोन-अडीच मीटर, त्यापुढे गेलात तर माणसं नीट बसूच शकत नाहीत. नवीन लिफ्टमध्ये पकड सुटी होते. स्टेशनात शिरताना पकड उघडते, चेअर तार सोडून वरच्या रुळावर येते, तिथे ओळीने लावलेले टायर तिला सावकाश पुढे ढकलतात, माणसं बसतात, मग टायरच तिचा वेग तारेएवढा वाढवतात आणि पकड परत बसते. तार मात्र एकाच वेगाने, सेकंदाला पाच मीटरच्या आसपास, फिरतच असते. बसायला हळू आणि जायला दुप्पट जलद. महाग पडते ती या स्टेशनातल्या यंत्रणेमुळे, सीट चार आहेत का सहा त्यामुळे कमी.

रायगडचा रोपवे (१९९६ चा) वेगळ्या जातीचा. तिथे एका बाजूच्या केबिन वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खाली येतात आणि माणसं चढा-उतरायला सगळंच थांबतं. बापू, तुझ्या आईने जे अनुभवलंय त्यापेक्षा गोंडोला कमी भीतीचा वाटेल, आठ जणांत मधे बसवा आणि गप्पांत गुंतवा.

वाऱ्यावरून आठवलं. याच डोंगरात १९६४ साली एक चेअरलिफ्ट सुरू केली होती, थ्रेडबोच्या खोऱ्यातून डोंगररांग ओलांडून पलीकडे शार्लट पासला, जवळपास साडेपाच किलोमीटर, तेव्हा जगातली सगळ्यात लांब म्हणून गाजवलेली. कारण असं की हिवाळ्यात शार्लट पासचा रस्ता बर्फाखाली जातो, आजही तिथे बर्फावरून चालणाऱ्या गाड्यांनीच जावं लागतं. कागदावर आयडिया झकास. पण उघड्या माथ्यावर वारा असा की लिफ्ट चालण्यापेक्षा बंदच जास्त, दोनेक हिवाळ्यांत गाशा गुंडाळला. शार्लट पास म्हणजे तेच, जिथे १९९४ च्या जूनमध्ये उणे २३ नोंदलं गेलं, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात कमी तापमान. अशा ठिकाणी उघड्या खुर्चीत माणूस लटकवायचा म्हणजे कमालच.

देवगडचा_बापू

बापरे एवढी माहिती! टायरचं आत्ता डोक्यात शिरलं. आईला शार्लट पासचं वाचून दाखवणार नाही.

भावोजींना गोंडोल्याचं सांगितलं तर म्हणतात, तुम्ही जा थ्रेडबोला, मी पेरिशरला जातो, नवीन लिफ्टने रांगच नसते आता. हे खरं का? नाहीतर आमच्यासोबतच ओढून नेतो त्यांना.

सिडनीतला_चिपळूणकर

भावोजींना म्हणावं ब्रोशर कमी वाचा.

पेरिशरला माउंट पेरिशर नावाच्या भागात एक डबल आणि एक ट्रिपल अशा दोन म्हाताऱ्या चेअर होत्या, त्या काढून २०२५ च्या सीझनसाठी एकच सहा सीटची हायस्पीड टाकली. लिफ्टच्या खालची रांग पळते हे मान्य. पण तासाला जास्त माणसं वर फेकली की ती माणसं खाली कुठून येणार? त्याच उतारावरून. मुंबई-गोवा हायवे मधे मधे चौपदरी झाला तरी गणपतीला माणगावला जे व्हायचं ते होतंच ना, तसं आहे हे. रांग लिफ्टवरून उतारावर सरकते आणि उतारावर गर्दी म्हणजे धडक.

दुसरं म्हणजे आधी दोन लिफ्ट होत्या, एक बिघडली तर दुसरी रडतखडत चालायची. आता एक बंद म्हणजे सगळंच बंद. आणि पास तर काय विचारू नका, पेरिशर २०१५ ला व्हेल नावाच्या अमेरिकन कंपनीने घेतलं, २०१९ ला हॉथम आणि फॉल्स क्रीक ही रिसॉर्ट पण घेतली, सगळं एका पासात. पास एकदा घेतला की माणूस वसूल करायला येतोच येतो, मग नवीन लिफ्ट कितीही टाका. मी थ्रेडबोवाला आहे त्यामुळे थोडं तिरकं बोलतोय हे धरून वाचा.

तारेवरचा_इंजिनियर

चिपळूणकर, गर्दीचं पटलं, दोन लिफ्टचं अर्धंच पटलं. वाऱ्याने बंद होणार असेल तर एकाच डोंगरावरच्या दोन्ही बंद होतात, तिथे दुसरी असून उपयोग शून्य. आणि इतक्या जुन्या मशीनचे सुटे भाग आणायचे कुठून? बनवून घ्यावे लागतात. शिवाय दोन लिफ्ट म्हणजे वर-खाली दुप्पट माणसं उभी करायची. शनिवार-रविवारी नाक्यावर उभं राहायला माणूस मिळत नाही ही रिसॉर्टची खरी बोंब असते, गुहागरकर सांगतील.

पैसा वरच्या भागातल्या लिफ्टवर का घालतात तेही बघा. बर्फाचा भरवसा नाही. तिथेच डोंगरात स्पेन्सर्स क्रीकला १९५४ पासून बर्फाची उंची मोजतायत, १९८१ ला ३६१ सेंटीमीटर भरला होता आणि काही वर्षं त्याच्या अर्ध्यालाही पोचत नाहीत. सीझन वाईट असला की पायथ्याचं गवत दिसतं पण १९००-२००० मीटरवर बर्फ टिकून असतो. मग लोकांना पटकन वर पोचवणारी लिफ्ट असेल तरच धंदा. पेरिशरलाच २००३ ला व्हिलेज एट म्हणून आठ सीटची चेअर टाकली होती, दक्षिण गोलार्धातली पहिली आठवाली, ती गावातूनच निघते. आता वरच्या लिफ्टची पाळी आली.

आणि वाटेल तेव्हा वाटेल तिथे खांब पुरता येत नाहीत तिकडे. सगळं नॅशनल पार्कात आहे. पेरिशरच्याच ब्लू काउ भागातल्या खडकांत मुठीएवढा पिग्मी पॉसम नावाचा प्राणी राहतो, थंडीभर बर्फाखाली झोपतो, त्याच्या जागा सांभाळून काम करावं लागतं आणि तेही उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची घाई आपल्याला नवीन नाही, पण इथे अख्खी लिफ्ट उभी करायची असते.

जिंदाबाईनचा_गुहागरकर

माणसं मिळत नाहीत हे शंभर टक्के. आमच्यात निम्मी पोरं दक्षिण अमेरिकेतून आलेली, त्यांच्या युनिव्हर्सिटीची सुट्टी नसताना पण येतात, कशी काय ते त्यांनाच ठाऊक.

वेंगुर्ल्याची_लेक

बापूदादा, लिफ्टचं सगळ्यांनी सांगितलं, मी पायांचं सांगते. मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते. लिफ्टमध्ये काहीच झालं नाही, पार्किंगपासून लिफ्टपर्यंतच जीव मुठीत होता. चुरचुरीत बर्फ बरा, पण लोकांनी तुडवून तुडवून काच झालेला बर्फ वाईट. साधे स्पोर्ट्स शूज अजिबात नको, जिंदाबाईनला भाड्याने बर्फाचे बूट मिळतात, वरच्या पँट-जॅकेट पण, तिथेच घ्या, डोंगरावर महाग. बाबांना एक काठी द्या, नाही म्हणतील तरी द्या. सासरे नको म्हणत होते आणि नंतर काठी सोडेनात.

आणि भावोजींचं मन पण राखायचं असेल तर एक दिवस पेरिशर कराच, पण लिफ्टसाठी नाही, स्कीट्यूब नावाच्या ट्रेनसाठी. खाली बुलॉक्स फ्लॅट स्टेशनला गाडी लावायची, तिथून ट्रेन थेट बोगद्यातून वर. त्या बाजूने गेलं की बर्फात गाडीच्या चाकांना चेन लावायची भानगड नाही, वरच्या पेरिशरच्या रस्त्याला टू-व्हील ड्राइव्हवाल्यांना चेन सोबत ठेवावीच लागते. भावोजी पेरिशरला उतरून स्की करतील, तुम्ही ब्लू काउपर्यंत जाऊन या. ना उंचीची भीती ना वारा.

तारेवरचा_इंजिनियर

स्कीट्यूब विसरलोच होतो! १९८७ ची, साडेआठ किलोमीटर आणि निम्म्याहून जास्त जमिनीखाली. चढ इतका की मधे दात्यांची पट्टी टाकलीये, गाडीखालचं चाक त्यात अडकून चढतं. पण बापू, बाबांना बोगद्याचं कौतुक सांगायला जाऊ नकोस, रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा आपला एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, ते तुलाच ऐकवतील.

देवगडचा_बापू

ऐकवलंच! मोठ्याने वाचून दाखवत होतो, बोगदा म्हटल्याबरोबर करबुडे सुरू झाले.

तर ठरलं असं की एक दिवस थ्रेडबो, गोंडोल्याने मेरिट्स आणि आई तयार झाली तर चेअरने ईगल्स नेस्ट, नाहीतर बाबा आणि मीच. दुसऱ्या दिवशी स्कीट्यूब आणि भावोजी मोकळे. आता तारखा कशा लावू? तिकीट आधी काढून ठेवू की वारा बघून तिथेच?

जिंदाबाईनचा_गुहागरकर

ऑनलाइन आधी काढलं की स्वस्त पडतं, पण तुम्ही फक्त बघे आहात, मोठा पास लागत नाही, त्यामुळे घाई नको. शनिवार-रविवार सोडा, तिथल्या शाळांच्या सुट्ट्या पण टाळा, त्या जुलैच्या सुरुवातीलाच पडतात. जिंदाबाईनला दोन रात्री मुक्काम ठेवा, कॅनबेराहून एका दिवसात येऊन जाऊन कराल तर येता-जाता मिळून चार-पाच तास गाडीतच, बाबांचा गुडघा आखडेल. सकाळी उठल्यावर दोन्ही रिसॉर्टची लिफ्टची स्थिती ऑनलाइन बघा. वारा नसेल तर थ्रेडबो आधी उरकून घ्या, स्कीट्यूब काय, वाऱ्यातही चालते.

आणि येताना खायचं जे काही आणाल ते विमानतळावर फॉर्मवर लिहा, लपवू नका, मोठा दंड बसतो. आंबापोळी असेल तर आधी नियम बघा आणि चालत असेल तर माझ्या नावाने एक जास्त आणा.