कामासाठी दर दुसऱ्या आठवड्यात ब्रेमेन: शुक्रवारी घरी यावं की तिथेच राहून फिरावं?

सेफ्टीशूजवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, विभाग चुकला असेल तर हलवा.

मी औंधची, वय २६, दीड वर्ष झालं श्टुटगार्टला नोकरी करतीये. मार्चपासून ब्रेमेनला क्लायंटच्या साईटवर जावं लागतंय, दर दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार. एक गाडी बदलून साडेपाच तास, म्हणजे सोमवारी पहाटे चारला उठायचं आणि शुक्रवारी रात्री दहाला घरात पाय टाकायचा, मग शनिवारी कपडे धुवा, स्वयंपाक करून ठेवा आणि रविवारी दुकानं बंद म्हणून लोळत पडा. आईचं रोजचं पालुपद, "अगं फुकटात जर्मनी बघायला मिळतीये, बघून घे." फुकटात काय डोंबल! हॉटेल, ट्राम, साईट, ट्राम, हॉटेल. आमच्या औंधला ब्रेमेन चौक आहे ना, त्या सिग्नलला मी जेवढा वेळ काढलाय तेवढा खऱ्या ब्रेमेनच्या चौकात काढलेला नाही, शप्पथ.

तर आता वाटतंय की शुक्रवारी तिथेच राहावं आणि रविवारी परतावं. पण कंपनी रविवारचं तिकीट देते का, हॉटेलचं कसं करायचं, मॅनेजरला विचारलं तर "ही फिरायलाच जाते" असं वाटेल का, काही कळेना. डी-तिकीट (देशभरातल्या रिजनल गाड्या आणि शहरातल्या ट्राम-बसचा महिन्याचा पास) आहे माझ्याकडे. एकटीच असणार. आणि बॅगेत हेल्मेट आणि सेफ्टी शूज असतात, ते पाच दिवसांनंतर कसे वास मारतात ते विचारू नका, ते घेऊन फिरायचं कसं?

एल्बेकाठचा

हॅम्बुर्गला सात वर्षं आहे, त्यातली चार अशीच बॅग ओढण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मॅनेजरला तोंडी विचारूच नकोस, मेल कर. शुक्रवार दुपारचं भाडं आणि रविवारचं भाडं, दोन्हींचे स्क्रीनशॉट एकाच दिवशी काढून मेलला लाव. शुक्रवार दुपार ही इथे सगळ्यात महागड्या वेळांपैकी एक, रविवारी सकाळची गाडी पुष्कळदा स्वस्त पडते, मग कंपनीला हरकत असायचं कारणच राहत नाही. रविवारचं जास्त निघालं तर वरचे पैसे मी भरते असं आधीच लिहून टाक. दोन रात्रींचं हॉटेल तुझं तू, बिल वेगळं घे, एकाच बिलात घातलंस तर अकाउंट्सवाले सहा मेल करतील आणि शेवटी तुलाच वाटायला लागेल की आपण चोरी केली. जेवणभत्ता कामाच्या दिवसांचाच, म्हणजे जाण्या-येण्याच्या दिवसाला १४ युरो आणि मधल्या पूर्ण दिवसाला २८, हॉटेलचा ब्रेकफास्ट कंपनीच्या पैशाने असेल तर त्याचे ५.६० कापले जातात. शनिवार-रविवारचे शून्य. आणि हो, कामावरच्या अपघाताचा विमा पण फिरण्याला लागू नाही, शनिवारी पाय मुरगळला तर ते तुझ्या नेहमीच्या हेल्थ इन्शुरन्सवर.

डी-तिकिटाबद्दल एकच सांगतो. ते मे २०२३ मधे ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३, दरवेळी आपण बोंब मारतो आणि दरवेळी घेतोच. पण शहराबाहेर जाताना ते फक्त रिजनल गाड्यांना चालतं. मी नवीन असताना ब्रेमेनच्या स्टेशनवर समोर हॅम्बुर्गची गाडी दिसली म्हणून चढलो, सीट मऊ लागली तेव्हाच शंका यायला हवी होती. आयसी होती ती, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी. ६० युरोचा दंड. चूक सर्वस्वी माझीच, बोर्डावर ढळढळीत लिहिलेलं होतं.

रिजनलने ब्रेमेन ते हॅम्बुर्ग साधारण सव्वा तास. उतरलीस की लांडुंग्सब्र्युकेनच्या बोटींच्या धक्क्याला जा आणि ६२ नंबरची बोट पकड, फिंकेनवेर्डरपर्यंत. ती शहराच्या वाहतुकीतलीच आहे त्यामुळे डी-तिकिटावर चालते, शेजारी हार्बर टूरवाले हाका मारत असतात त्यांच्याकडे बघू पण नकोस. वरच्या डेकवर उभी राहा, कॅप घालू नकोस, उडते. अर्धा तास एका बाजूला वाळूचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या क्रेन. परत आलीस की तिथेच जुना एल्बे बोगदा आहे, १९११ चा, नदीच्या खालून ४२६ मीटर चालत जायचं, फुकट, भिंतीवरच्या टाईल्सवर खेकडे-मासे कोरलेत. पलीकडे गेलं की मागे वळून शहर बघायचं, बास.

खवचट_खवय्या

सेफ्टी शूज घालूनच फिर, बॅग हलकी होईल. शिवाय हॅम्बुर्गच्या मासळीबाजारात कोणी पायावर पाय दिला तरी चिंता नाही. (हलके घ्या.)

बाकी तो बाजार रविवारी भल्या पहाटे भरतो, उन्हाळ्यात ५ ला, थंडीत ७ ला, आणि साडेनऊला आवरतात. केळीवाल्यांच्या आरोळ्या ऐकून मंडईत आल्यासारखं वाटेल. शाकाहारी असशील तर फ्रांझब्र्योटशेन खा, दालचिनीचं चपटं पाव, वरून कुरकुरीत आतून चिकट, एकावर थांबता येत नाही.

वेझरची_माई

अगं मुली, ब्रेमेनला येतेस आणि हॅम्बुर्ग बघायचं म्हणतेस? एल्बेकाठच्यांनी ब्रेमेनला फक्त गाडी बदलायचं स्टेशन करून टाकलं की!

मी इथे वीस वर्षं आहे. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटलीस की आधी मार्केट चौकात ये. रोलांडचा पुतळा आहे, १४०४ चा, तो उभा आहे तोवर शहराचं स्वातंत्र्य शाबूत अशी समजूत. टाउनहॉलच्या बगलेला 'ब्रेमेनचे वादक' या परीकथेतल्या गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा यांचे पुतळे एकावर एक उभे आहेत, गोष्ट तुला माहीत असेलच. त्या गाढवाचे पुढचे पाय लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे पिवळे केलेत. पण दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरायचे हं, एकाच हाताने धरलं तर इथले लोक म्हणतात, एका गाढवाने दुसऱ्याला नमस्कार केला. तिथेच जवळ जमिनीत मॅनहोलसारखं झाकण आहे, त्यात नाणं टाकलं की आतून ओरडतं. एकदा गाढव, एकदा कोंबडा. पैसे मदतनिधीला जातात. माझ्या नातवाने तिथे माझी सगळी चिल्लर संपवलीये.

आणि शनिवारी ब्रेमरहाफेनला जा, डी-तिकिटावर पाऊण तासाच्या आसपास. तिथे देशांतर केलेल्यांचं म्युझियम आहे. त्या बंदरातून ७० लाखांहून जास्त लोक बोटीने गेले, बरेचसे अमेरिकेला. आत शिरताना तुला एका खऱ्याखुऱ्या माणसाचं नाव असलेलं बोर्डिंग कार्ड देतात आणि त्याच्यामागे मागे तू फिरायचं. सुरुवातीच्या एका दालनात अंधारा धक्का केलाय, समोर बोटीची काळी भिंत आणि ट्रंका-बोचकी घेऊन उभे पुतळे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमची सहार विमानतळावरची रात्र आठवली, सासूबाईंनी लोणच्याची बरणी ऐनवेळी हातात दिली होती ती. असो. घाई करू नकोस तिथे, तीन तास ठेव.

एकटी आहेस म्हणून घाबरू नकोस, फक्त रात्री उशिरा स्टेशनच्या आसपास रेंगाळू नकोस.

झोपाळू_पार्सल

मी जरा उलट बोलतो. म्युनिकला असताना मी सहा महिने हेच केलं, दर वीकेंडला एक शहर, फोनमधे सगळ्या चर्चचे फोटो आहेत आणि आता कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही. ऑक्टोबरपर्यंत एवढा थकलो की साईटवर चुकीचं व्हॉल्व्ह नोंदवलं. घरी ज्याला लोळणं म्हणतेस ना ते पण लागतं. महिन्यातून एकदा राहा. आणि शनिवारी पाऊस असेल तर सरळ हॉटेलात झोप, कोणी हजेरी घेत नाही.

कंपनीचा लॅपटॉप मात्र अजिबात पाठीवर घेऊन फिरू नकोस. हॉटेलच्या रिसेप्शनला ठेव नाहीतर स्टेशनच्या लॉकरमधे.

सेफ्टीशूजवाली

सगळ्यांना दंडवत! अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी.

मेल केला, स्क्रीनशॉटसकट. मॅनेजरचं उत्तर एका ओळीत, "हो, आणि ६२ नंबरच्या बोटीत बस." मी इथे दोन महिने टेन्शन घेत होते! रविवारचं तिकीट ११ युरोनी स्वस्त निघालं.

एकदाच राहिले, झोपाळू म्हणाले तसं. हॅम्बुर्ग पुढच्या वेळेला, यावेळी माईंचं ऐकलं. ब्रेमरहाफेनला चार तास गेले. मला मिळालेल्या कार्डावर माझ्याहून लहान मुलगी निघाली. तिथून बाहेर आल्यावर आईला फोन लावला आणि नेमकं काय बोलायचं ते सुचेना, तर तिनेच विचारलं, "जेवलीस का?" म्हटलं हो, वडापाव. खरं तर बटाट्याचं सॅलड होतं.

झाकणात तीन नाणी टाकली, दोनदा कुत्राच आला.

गाढवाचे पाय पण धरले. पण दुसऱ्या हातात शूजची पिशवी होती, हॉटेलला लॉकरच नव्हता, त्यामुळे एकाच हाताने. फोटो बघताना आत्ता लक्षात आलं.

वेझरची_माई

हरकत नाही, परत ये. पिशवी मी धरते.