हायलक्स उचलली, आता अप्पर आर्म कापून लांब करायचा का?

निफाडचा_बागायतदार

मंडळी, नमस्कार. गाडी २०२२ ची टोयोटा हायलक्स पिकअप, मॅन्युअल. बाग गोदाकाठाला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यात चाकं रुतली की गाडी पोटावर बसायची, म्हणून उचलून घेतली. मागे पाट्यांत एक जादा पाटा घातला, पुढे शॉकअपच्या डोक्यावर २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर. फेंडरपासून मोजलं तर पुढून ४५ मिमी वर आलीये. टायर २६५/६५ आर १७, ऑल-टेरेन.

शेतात गाडी एक नंबर. बोंब आहे हायवेची. मुंबई-आग्रा रोडला ऐंशीच्या वर गेलं की गाडी सरळ रेषेत जातच नाही, सारखं थोडं इकडे, थोडं तिकडे. शेजारून कंटेनर गेला की विचारूच नका. कसाऱ्याला वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सेंटरला येत नाही, हाताने आणावं लागतं. बायको म्हणते, मी या गाडीत मुंबईला येणार नाही.

दुसरं दुखणं: खड्ड्यात पुढचं चाक पूर्ण लटकलं की 'ठक्' असा लोखंडाचा आवाज. जॅकवर घेऊन बघितलं. अप्पर आर्मची (चाकाला वरून धरणारा दांडा) आतली कड स्प्रिंगच्या एका वेटोळ्याला टेकते, डाव्या बाजूला तर रंग खरवडून तेवढाच तुकडा चकाकतोय.

अलाईनमेंटच्या शीटवर कॅस्टर डावीकडे १.३ अंश, उजवीकडे १.८. अलाईनमेंटवाला म्हणाला, लोअर आर्मचे कॅम बोल्ट (फिरवून चाकाचे कोन बदलतात ते) शेवटाला लागले, आता माझ्या हातात काही नाही.

अंबड एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर तयार आहे. अप्पर आर्म बॉल जॉईंटच्या (टोकाचा गोळ्याचा सांधा) अलीकडे कापायचा, मध्ये पट्टी घालून २० मिमी लांब करायचा, सीओटू वेल्डिंग मारायचं. 'कंपनीपेक्षा मजबूत देतो' म्हणतो. दोन्ही बाजूंचे मिळून सहा हजार. तयार आर्मची जोडी याच्या कितीतरी पट पडते. कुणी असं करून घेतलंय का? आणि तयार घ्यायचा तर युनिबॉलचा (उघड्या गोळ्याचा सांधा) की साध्या बॉल जॉईंटचा?

कॅस्टर_काका, कोल्हापूर

बागायतदार, करू नका. वेल्डिंग टिकेल की तुटेल ते नंतर बघू. वेल्डिंग शंभर वर्षं टिकलं तरी गाडी आत्तापेक्षा वाईट चालेल.

उद्यमनगरात माझी निम्मी हयात अलाईनमेंटच्या खड्ड्यात गेली, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. कॅस्टर म्हणजे गाडी बाजूने बघताना वरच्या आणि खालच्या बॉल जॉईंटमधून जाणारी रेघ किती मागे झुकलीये ते. वरचा जॉईंट मागे पाहिजे. तो मागे असला की चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. तुमची गाडी वर गेल्यावर आर्म खाली कलले आणि वरचा जॉईंट पुढे सरकला. रेघ उभी झाली. म्हणून हायवेला भटकते, म्हणून कसाऱ्याला स्टेअरिंग परत येत नाही. दोन्ही एकच रोग.

आता तुमचा माणूस काय करणार? आर्म लांब करणार, म्हणजे जॉईंट बाहेर ढकलणार. तुम्हाला पाहिजे मागे, तो देतोय बाहेर. दोन जॉईंटमध्ये समजा ३०० मिमी अंतर धरलं, तर २० मिमी बाहेर म्हणजे पावणेचार अंश कॅम्बर. चाकाचं डोकं बाहेर झुकलेलं, दोन्ही बाजूंना! टायर बाहेरच्या कडेने खाऊन जाईल आणि कॅस्टर होता तिथेच. त्याच हिशेबाने कॅस्टरच्या एका अंशाला जॉईंट सव्वापाच मिमी मागे लागतो. तुम्हाला दोन-सव्वादोन अंश वाढवायचे असतील तर ११-१२ मिमी मागे. बाजारातला चांगला तयार आर्म नेमकं हेच करतो, लांबी जवळपास तीच ठेवून जॉईंटची बैठक मागे नेतो आणि आतली कड स्प्रिंगपासून लांब काढतो. लोक त्याला 'लांब आर्म' म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

'ठक्' हा मात्र वेगळा रोग. तो उंचीचा नाही, स्पेसरचा. नीट बघा: डोक्यावरचा स्पेसर अख्खा शॉकअपच खाली ढकलतो. म्हणजे चाक लटकतं तेव्हा कंपनीने ठरवलेल्या टोकाच्याही पुढे जातं. या गाड्यांत शॉकअप लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून २५ च्या स्पेसरने चाकाला ४५ मिळाले, आणि लटकताना तेवढेच जास्तीचे खाली गेले. तिथे आर्म स्प्रिंगला लागतो, बॉल जॉईंटची मान वाटीच्या कडेला टेकते आणि ड्राइव्हशाफ्टचा जॉईंट नको तितका मोडतो. उलट बाजूने, चाक पूर्ण वर दाबलं गेलं की शॉकअप रबराच्या बंपस्टॉपच्या आधी आतल्या आत आपटू शकतो. तो आवाज तुम्हाला अजून आला नसेल, येईल.

हीच उंची कडक किंवा थोड्या लांब स्प्रिंगने घेतली असती तर शॉकअपची लांबी तीच राहिली असती आणि चाक लटकून कंपनीच्याच टोकाला थांबलं असतं. लिफ्ट किती इंचाचा हे सगळे विचारतात, कशाने केला हे कोणी विचारत नाही.

तेव्हा माझा सल्ला: आधी स्पेसर काढून स्प्रिंग-शॉकअपचा सेट बसवा आणि उंची ३५-४० वर आणा. कॅम बोल्ट सैल करून परत शून्यापासून अलाईनमेंट करा. शेवटच्या त्या ५-१० मिमीतच कॅमची शर्थ होते, कित्येक गाड्या तेवढ्यावरच सुधारतात. तरी कॅस्टर अडीचच्या वर गेला नाही, तर मग तयार आर्म घ्या. पैसे दोन टप्प्यांत जातील, पण कदाचित दुसरा टप्पा लागणारच नाही.

आणि आज पहिलं काम: टॉर्च घेऊन अप्पर बॉल जॉईंटचे बूट (रबरी टोप्या) बघा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर ड्राइव्हशाफ्टचा बूट पण फाटलाय.

भट्टीवाला_शिरोली

काकांनी भूमितीचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. नोकरी फाउंड्रीत, त्यामुळे तुटलेले नग बघणं हा रोजचा धंदा.

'कंपनीपेक्षा मजबूत' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, मटेरियल कुठलं आहे ते माहितीये का? आर्म फोर्ज केलेला असो नाहीतर पत्रा दाबून जोडलेला, कंपनीने ग्रेड ठरवून, कुठे काय ताकद पाहिजे ते बघून बनवलेला असतो. तुमचा माणूस ग्रेड न बघता त्याच्यावर तार वितळवणार. वेल्डचा मणी सहसा तुटत नाही. तुटतं मण्याच्या काठाला, जिथे मूळ लोखंडाने उष्णता खाल्लेली असते, एकतर मऊ पडलेलं किंवा ठिसूळ झालेलं. वरून तो काठ म्हणजे खाचच. आर्मवर भार एकदाच येत नाही, प्रत्येक खड्ड्याला येतो. केसाएवढी चीर पडते, महिनोन्‌महिने आतून वाढते आणि एका दिवशी जॉईंटसकट चाक आत दुमडतं. आधी आवाज नाही, काही नाही.

शिवाय वेल्डिंग बॉल जॉईंटपासून चार बोटांवर. आतलं ग्रीस नि प्लास्टिकची वाटी शिजणार ते वेगळंच.

कुणी असा आर्म आधीच करून बसलं असेल तर निदान डाय पेनिट्रंट मारून बघा. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर लाल रेघ उमटते. स्वस्तातलं काम आहे. फक्त ते वरची चीर दाखवतं, पोटातली नाही. आतलं बघायचं तर अल्ट्रासोनिक, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन आर्म घ्यावा हे तुम्हालाही कळतं.

नियमावर_बोट

रंगाचा बेरंग करतो. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिलाय: निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. उंचीवरून कुठला साहेब काय म्हणेल ते रस्त्यावर कळतं. पण कापून जोडलेला आर्म अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला, तर क्लेमची आशा ठेवू नका. समोरच्या माणसाला लागलं तर पुढचं बोलायलाच नको. कंपनीच्या वॉरंटीचंही आधीच बघून ठेवा.

मालवणचो_बाबल्या

युनिबॉलबद्दल लिहितो. माझ्या जुन्या पजेरो एसएफएक्सला (तिला पुढे स्प्रिंग नाही, टॉर्शन बार, बोल्ट पिळला की पुढून उचलते, म्हणून सगळे पिळतच सुटतात) एका मित्राने युनिबॉलचे आर्म बसवून दिले. कोन भरपूर मिळतो, ते खरंच. पण गोळा उघडा. आमच्याकडे खारी हवा, वर लाल चिखल. पहिल्या पावसाळ्यानंतर दर स्पीडब्रेकरला जुन्या दारासारखी करकर. धुवा, पुसा, कोरडी वंगणं मारा, परत तेच. रॅलीवाल्यांना ठीक, त्यांची गाडी रोज उघडली जाते. शेतात जाणाऱ्या माणसाने बूट असलेला, ग्रीस निपलचा सीलबंद बॉल जॉईंट घ्यावा आणि विसरून जावं.

आणि तुमचे ते कॅम बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरले नाहीत ना, ते पण बघा. आमच्याकडे ते कापून काढायला लागतात. 'शेवटाला लागले' म्हणणारा अलाईनमेंटवाला कधी कधी 'फिरतच नाहीत' असं म्हणत असतो.

निफाडचा_बागायतदार

बाबल्याशेठ, मानलं तुम्हाला. आज सकाळी गाडी खाली घेऊन बघितली. उजव्या बाजूचा मागचा कॅम बोल्ट खरंच जाम आहे, पान्याला नळी लावून जोर दिला तरी हलला नाही. डावा फिरतो. बूट सगळे शाबूत आहेत. फॅब्रिकेटरला 'नको' म्हणून कळवलं. त्याचं म्हणणं, शहाणी माणसं मोबाईलवर वाचून घाबरतात.

स्प्रिंग-शॉकअपचा सेट मागवतोय. एकच विचारायचं राहिलं: पुढे अप्पर आर्म बदलायची वेळ आली तर आमच्या इथल्या मेकॅनिकला काय काय बजावून सांगू? हात चांगला आहे, पण त्याचं आयुष्य ट्रॅक्टर नि बोलेरोत गेलंय.

कॅस्टर_काका, कोल्हापूर

जाम बोल्टला आजपासून रोज गंजाचं तेल मारत चला आणि नवीन कॅम बोल्टचा सेट बुशसकट सांगून ठेवा. जोर करून मोडाल.

मेकॅनिकला एक गोष्ट दहा वेळा सांगा: आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कसायचे नाहीत. नुसते हाताने लावायचे, चाकं बसवायची, गाडी जमिनीवर सोडायची, बंपर दाबून चार वेळा हलवायची आणि मग टॉर्क पान्याने कसायचं. रबरी बुशची आतली नळी बोल्टबरोबर पकडली जाते. चाक लटकत असताना कसलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. मग तुम्ही आर्मवाल्याला शिव्या देणार. पॉली बुश असतील तर हा प्रश्न कमी, पण त्यांना ग्रीस नाही घातलं तर ते किंचाळतात.

बॉल जॉईंटच्या कॅसल नटला स्प्लिट पिन नवीनच घालायची, जुनी सरळ करून नाही. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) मोकळी लोंबकळू द्यायची नाही, ब्रेकचा पाईप आणि एबीएसची वायर ताणली जाते. तारेने वर बांधून ठेवायला सांगा. सगळं झालं की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून वायर कुठे ओढली जात नाही ना ते बघायचं. हे बघायला ट्रॅक्टरवाला मेकॅनिक पुरेसा आहे.

त्यानंतर थेट अलाईनमेंट, आणि आठवड्याभराने बोल्ट परत एकदा कसून घ्या. नवीन शीट आली की आकडे इथे टाका, कॅम्बर नि टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) सुद्धा, नुसता कॅस्टर नको.