भाचीला दहावीला ८६ टक्के, डिप्लोमा का अकरावी सायन्स? सांगली भागातल्या जाणकारांनी सांगा

विट्याचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे पण घरात शिकलेला म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत आणि मी स्वतः बीकॉम, त्यामुळे मला या लाईनचं काही कळत नाही. पोरगी सेमी इंग्लिशची, दहावीला ८६.४० टक्के, गणितात ८८ आणि सायन्सला ८४. इंजिनिअर व्हायचं हे तिचं पक्कं आहे, त्यात इलेक्ट्रिकलच पाहिजे म्हणते.

इलेक्ट्रिकल का म्हणते ते पण सांगतो. दाजींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतातल्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी वगैरे. ही सातवीपासून शाळा सुटली की तिथंच. जळालेली मोटर उघडली की जुनी तार कापायच्या आधी स्लॉट मोजून वहीत लिहून ठेवणं, गेज बघून नवीन तार काढणं, कॉईल बसवल्यावर टेस्टलॅम्प लावून बॉडीला करंट येतोय का बघणं हे सगळं ती करते. दाजींच्या त्या वह्यांत गेल्या तीन वर्षांतलं निम्मं अक्षर तिचंच आहे.

आता गोंधळ असा की शाळेतले सर म्हणतात एवढे मार्क आहेत तर अकरावी सायन्सच घ्या, डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी असतो. एका क्लासवाल्यांनी घरी येऊन सांगितलं की इंटिग्रेटेडला टाका, दोन वर्षांचे दीड लाख, कॉलेजला जायची गरजच नाही, अॅडमिशन दुसरीकडे नावापुरतं राहील. ते नावापुरतं ऐकून ताईच्या पोटात गोळा आलाय. आणि दाजी म्हणतात सरकारी पॉलिटेक्निकला डिप्लोमा करू दे, लागली नोकरी तर लागली. पैशाचं म्हणाल तर दीड लाख उभे करता येतील पण कर्ज काढूनच. पुढं डिग्री करायचीच आहे हे धरून चाला. कुठला रस्ता बरोबर?

शीट_सबमिशन

मामा, मी सरकारी पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री (म्हणजे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश), आता चाकणला आहे. त्यामुळे या रस्त्यावर कुठं खड्डे आहेत ते सांगू शकतो.

पहिलं म्हणजे डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी हे डोक्यातनं काढा. दहावी पास ३५ टक्क्यांना फॉर्म भरता येतो हे खरं आहे पण भरता येणं वेगळं आणि सरकारी कॉलेजात चांगली ब्रँच लागणं वेगळं, तिथं दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं आणि ८६ वाली पोरं भरपूर असतात. वर्षांचा हिशोब पण सारखाच पडतो, अकरावी बारावी दोन अधिक डिग्री चार म्हणजे सहा, आणि डिप्लोमा तीन अधिक डिग्री तीन म्हणजे पण सहाच. फरक एवढाच की डिप्लोमाला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक कागद असतो ज्याच्यावर नोकरी मिळू शकते, महावितरण महापारेषणच्या जाहिरातीत पदविकावाल्यांच्या जागा वेगळ्या निघतात, रेल्वे आणि एसएससीच्या जेई (ज्युनिअर इंजिनिअर) भरतीला पण डिप्लोमा चालतो. बारावी सायन्सच्या कागदावर यातलं काही मिळत नाही.

आता खड्डे. डायरेक्ट सेकंड इयरला मंजूर जागांच्या १० टक्के जागा जादाच्या असतात, म्हणजे ६० च्या वर्गाला ६, आणि त्याशिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. चांगल्या कॉलेजात रिकाम्या कुठून राहणार? त्यामुळे सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला वगैरे जायचं असेल तर त्या सहाच्या आतच बसायला लागतं, आणि मेरिट लागतं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मार्कांवर. माझ्या वर्गातली हुशार पोरं दुसऱ्या वर्षापर्यंत निवांत राहिली आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, जर्नल, सबमिशन यातच अडकली.

दुसरा खड्डा गणित. डिप्लोमाचं गणित पहिल्या वर्षातच जवळजवळ संपतं, मग डिग्रीला गेलं की एम थ्री (गणिताचा तिसरा पेपर) समोर येतं, लाप्लास आणि फुरिअर, आणि बारावीहून आलेल्या पोरांनी तोवर एम वन एम टू केलेलं असतं. मी एम थ्रीला पहिल्या झटक्यात बसलो आणि १९ मार्क पडले. दुसऱ्यांदा सुटला, पण ते सेमिस्टर मी रोज रात्री बारावीचं इंटिग्रेशन काढून बसायचो. भाचीनं डिप्लोमा घेतला तर सुट्टीत बारावीचं गणिताचं पुस्तक सोडवत राहायला सांगा, फार उपयोग होतो.

आणि तुम्ही जे दुकानातलं लिहिलंय ना, त्यावरून तरी मला वाटतं पोरगी डिप्लोमात फुलेल. पहिल्याच वर्षी वर्कशॉप असतं, दुसऱ्या वर्षी मशीनच्या लॅबमध्ये मोटर उघडून बघायला मिळते, जे तिनं हातानं केलंय त्याच्यामागची थिअरी तिला तिथं भेटेल. बारावीची दोन वर्ष तिला एकही मोटर दिसणार नाही.

गणित_मास्तर

मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, २२ वर्ष झाली. वरच्या मित्रानं खरं लिहिलंय, तरी दुसरी बाजू पण ऐका.

सोळाव्या वर्षी इलेक्ट्रिकल पक्कं आहे असं म्हणणारी कितीतरी मुलं मी बारावीत बदललेली बघितली आहेत, कुणी आर्किटेक्चरला गेलं, कुणी फिजिक्स घेऊन बीएस्सीला, एक मुलगी तर एनडीएला. अकरावी सायन्स घेतलं की हे सगळे दरवाजे दोन वर्ष उघडे राहतात. डिप्लोमा घेतला की त्यातले बरेच बंद होतात, मेडिकलचा तर पूर्णच. उलट बारावी सायन्स झाल्यावर डिप्लोमाला जायचं ठरलं तरी थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे अकरावीहून डिप्लोमाकडं यायला वाट आहे, डिप्लोमाहून बारावीकडं परतायला सोपी वाट नाही. हे घरात मोकळेपणानं बोला.

आणि इंटिग्रेटेडबद्दल मी अगदी कळकळीनं सांगतो, नको. कॉलेज नावापुरतं म्हणजे प्रॅक्टिकल नावापुरतं, म्हणजे तुमच्या भाचीला जे येतं आणि आवडतं नेमकं तेच नावापुरतं. माझ्याकडे अशी मुलं बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला येतात, मीटर ब्रिजला गॅल्व्हानोमीटर कुठं जोडायचा माहीत नसतं, जर्नल दुसऱ्यानं लिहिलेलं असतं. त्या मुलांचा राग येत नाही, वाईट वाटतं, कारण मूल हुशार असतं आणि दोन वर्ष एका खोलीत बसून फक्त पर्याय खोडायला शिकलेलं असतं.

सीईटीसाठी (बारावीनंतरची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) दीड लाख लागतात असंही नाही. पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) १५० प्रश्न, २०० मार्क, त्यात गणिताला ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन मार्क म्हणून एकट्या गणिताचे १००. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. बोर्डाची पाठ्यपुस्तकं मन लावून केली आणि शेवटचे चार महिने जुने पेपर घड्याळ लावून सोडवले तर साध्या कॉलेजातली मुलं चांगलं पर्सेंटाईल काढतात, माझ्या वर्गातून दरवर्षी निघतात. फक्त एक, सेमी इंग्लिशच्या मुलांना अकरावीचे पहिले तीन महिने फार जड जातात, दहावीच्या गणितातून अकरावीत उडी मोठी आहे. पहिल्या चाचणीत ८८ वालीला ४० पडले तर घरच्यांनी घाबरायचं नाही आणि तिला रागवायचं नाही.

म्हणजे माझं मत, खरी निवड डिप्लोमा आणि साधं कॉलेज या दोघांत आहे. तिसरं सोडून द्या.

पारिजात_९८

मामा मी तुमच्या भाचीच्या जागी होते म्हणून लिहितेय. मला दहावीला ८९ होते आणि मला डिप्लोमाच करायचा होता पण सगळे म्हणाले एवढे मार्क वाया घालवू नको म्हणून अकरावी घेतली, इंटिग्रेटेडच, कुठं ते लिहीत नाही. सकाळी सात ते दुपारी दोन लेक्चर आणि परत संध्याकाळी टेस्ट, रविवारी रँक लावायचे भिंतीवर. अकरावीच्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा आई म्हणाली तू बोलायची बंद झालीस. सीईटीला ७१ पर्सेंटाईल आले, मग बारावीच्या जोरावर डिप्लोमाच्या सेकंड इयरला गेले, आणि तिथं कुणाला खरं वाटणार नाही पण मी वर्गात दुसरी आले. तेच डोकं, तीच मुलगी. मला समोर वस्तू असली की कळतं, नुसत्या फळ्यावर कळत नाही. आता एका कंपनीत पॅनल टेस्टिंगला आहे आणि पार्ट टाईम डिग्री चालू आहे.

मुद्दा हा की तिला कसं कळतं ते बघा. मार्क किती पडले ते नंतर. आणि पोरगी म्हणून वर्कशॉपला काय करणार असं कुणी नातेवाईक म्हणालं तर त्यांना दुकानातल्या त्या वह्या दाखवा.

विट्याचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. पारिजात ताई, तुमचं लिहिलेलं काल रात्री ताईला वाचून दाखवलं, ती रडली. इंटिग्रेटेडला सकाळीच फोन करून नाही सांगितलं. भाचीला पण बसवून मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं, आर्किटेक्चर, एनडीए, फिजिक्स, काही हवंय का विचारलं. ती म्हणाली मामा मला तीन फेजची मोटर उलटी का फिरते ते माहीत आहे पण फिरतेच का ते कुणी सांगितलं नाही, ते जिथं शिकवतात तिथं पाठवा. आता कॉलेज कुठलं, कराड का मिरज? आणि खर्चाचं काय?

शीट_सबमिशन

हे वाक्य तिनं म्हटलं असेल तर मला आता काही शंका नाही. मिरज तुमच्याच जिल्ह्यात येतं, ७० टक्के जागा जिल्ह्यातल्या मुलांसाठी असतात, कराड सातारा जिल्ह्यात त्यामुळे तिथं तुम्ही बाहेरच्या ३० टक्क्यांत धरले जाल. म्हणून पर्याय भरताना मिरज इलेक्ट्रिकल वर टाका. तासगावला शासकीय महिला निवासी तंत्रनिकेतन आहे, तिथल्या ब्रँच पण पोर्टलवर बघून घ्या, ताईला राहण्याची काळजी असेल तर ते बरं पडेल. पहिल्या पर्यायाला जे कॉलेज टाकाल ते मिळालं की मागं फिरता येत नाही हे लक्षात ठेवून क्रम लावा, मित्र भरतात म्हणून कॉम्प्युटर वर टाकू नका.

खर्चाचं सांगतो, सरकारी पॉलिटेक्निकची फी वर्षाला काही हजारात असते, लाखात नाही. खरा खर्च जेवण, राहणं आणि पास. आणि पुढं डिग्रीला जाताना, २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला तर नाही. म्हणजे ते दीड लाखाचं कर्ज काढायचं कारणच उरत नाही.

गणित_मास्तर

कागदांचं आजच बघा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, आणि लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर, त्याची मुदत ३१ मार्च धरून बघायची, जुनं निघालं तर ऐनवेळी धावपळ होते. सेतूमध्ये जून महिन्यात रांगा असतात. जात पडताळणीचा अर्ज पण डिप्लोमा चालू असतानाच टाका, डिग्रीच्या प्रवेशाला ती लागते आणि तिला वेळ लागतो.

आणि फॉर्म भरायच्या आधी एकदा मुलीला घेऊन दोन्ही कॉलेजात जाऊन या. ऑफिसात बसून येऊ नका, इलेक्ट्रिकल मशीन लॅब कुठं आहे विचारा आणि आत जाऊन बघा. मशीनवर धूळ आहे का, टर्मिनलला हात लागून झिजलेत का. बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा आठवड्यातून प्रॅक्टिकल किती होतात.

विट्याचा_मामा

आज जाऊन आलो मिरजेला, दाजी दुकान बंद ठेवून आले, असं पंधरा वर्षांत पहिल्यांदा. लॅबमध्ये एक सर होते, सुट्टी असून त्यांनी उघडून दाखवली. भाची एका मोटरपाशी गेली आणि कव्हर नसलेल्या बाजूनं वाकून बघत बसली, मग सरांना विचारलं हे वाइंडिंग डबल लेयर आहे ना. सरांनी दाजींकडं बघितलं आणि विचारलं कुठं शिकली ही. दाजी काही बोललेच नाहीत.

सोमवारी सुविधा केंद्रावर कागद तपासायला जातोय. नॉन क्रिमिलेअर गेल्या वर्षीचं निघालं, त्यामुळे उद्या सकाळी सेतू. मिरजेत मुलींच्या वसतिगृहाबद्दल कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा, जागा नाही मिळाली तर एसटीच्या पासवर रोज ये-जा जमेल का ते पण सांगा.