काजूच्या टरफलाच्या तेलासाठी सशांवर टेस्ट करावीच लागते का?

काजूवाली_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं काजूचं छोटं युनिट आहे. गर विकतोच, पण टरफलं वाया जाऊ नयेत म्हणून तेल काढायचा एक्सपेलर बसवला आणि त्या तेलात टर्पेंटाइन घालून लाकडाला लावायचं पॉलिश करतो, इकडे होड्यांना आणि घराच्या वाशांना हे तेल पूर्वीपासून लावतातच त्यामुळे गावात खपतं. आता बाहेरचा एक व्यापारी माल घ्यायला तयार आहे पण त्याला सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके आणि काळजी लिहिलेली शीट हवी आणि त्यात स्किन इरिटेशनचा, म्हणजे कातडीला त्रास होतो का याचा रिपोर्ट हवा. एका लॅबला फोन केला तर त्यांनी सरळ सशांवरच्या टेस्टचं कोटेशन पाठवून दिलं. वाचल्यापासून जीवाला बरं वाटत नाहीये. हे तेल अंगावर उततं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत आहे, मग ते सिद्ध करायला मुक्या जनावराला कशाला भाजायचं? कायद्याने हे लागतंच का, आणि सशाचं नेमकं करतात काय, कोणी या लाइनमधलं असेल तर स्पष्ट सांगा, लपवू नका.

लोटेवाला
ताई, मी आता लोटेला प्लांटमध्ये आहे पण आधी टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे विषारीपणा तपासायच्या लॅबमध्ये होतो म्हणून सांगतो. त्या टेस्टला ओईसीडी ४०४ म्हणतात, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी गाइडलाइनचा तो नंबर. पांढरा ससा घेतात, आदल्या दिवशी त्याच्या पाठीवरचे केस मशीनने काढतात, कातडीला जखम होऊ न देता. मग साधारण ६ चौरस सेंटीमीटर जागेवर अर्धा मिली द्रव किंवा अर्धा ग्रॅम पावडर, वर गॉझचा तुकडा, वर सैलसर पट्टी. ४ तास ठेवतात. नंतर काढून पुसतात आणि १ तासाने, मग २४, ४८, ७२ तासांनी बघतात. लाली किती आणि सूज किती याला ० ते ४ मार्क देतात, ही पद्धत मूळ अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्यातल्या जॉन ड्रेझ यांची, १९४४ ची. डाग राहिला तर १४ दिवसांपर्यंत बघत राहतात, बरं होतंय की नाही ते कळायला. पूर्वी एकदम जास्त ससे घ्यायचे, आता आधी एकच घेतात, त्याची कातडी जळाली नाही तरच आणखी दोन. संशय असेल तर पहिल्या सशाला ३ मिनिटं, मग १ तास, मग ४ तास असं टप्प्याने लावतात आणि कुठेही जळालं तर तिथेच थांबायचं.

पण महत्त्वाचं हे की त्याच गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय, जनावराकडे जायच्या आधी हातात असलेली सगळी माहिती तपासा, माणसांवरचा अनुभव सुद्धा. पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, २ किंवा त्याखाली, नाहीतर ११.५ किंवा त्यावर असेल तर तो पदार्थ जाळणाराच धरतात, ससा लागत नाही. ससा ही शेवटची पायरी आहे आणि तुमच्या लॅबने तीच पहिली करून ठेवली, याचा मला खरंच राग आला.

मालवणी_माणूस
पण भारतात जनावरांवरच्या टेस्टवर बंदी आली ना कधीच? मग लॅब हे कोटेशन देतेच कशी, कंप्लेंट करा

लोटेवाला
दादा ती बंदी कॉस्मेटिक्सपुरती आहे. २०१४ मध्ये औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमात कलम घातलं, त्याने क्रीम, साबण, लिपस्टिक असल्या गोष्टींची जनावरांवर चाचणी बंद झाली आणि त्याच वर्षी बाहेर जनावरांवर टेस्ट केलेला असा माल आयात करणं पण बंद. लाकडाचं पॉलिश त्यात येत नाही, त्यामुळे लॅब बेकायदा काही करत नाहीये. मात्र लॅबची केंद्राच्या प्राणी प्रयोग देखरेख समितीकडे नोंदणी लागते, आणि प्रत्येक प्रयोगाला लॅबमधल्या एथिक्स कमिटीची मंजुरी. हे सगळं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतं. त्या कमिटीने लॅबला विचारायचंच असतं की दुसरा मार्ग नाही का, आणि ताईंच्या केसमध्ये आहे.

ताई अजून एक, डब्यावर वाळवी मारतं वगैरे लिहू नका. कीटकनाशक म्हणून विकायला गेलात तर १९६८ चा कायदा मध्ये येतो, नोंदणी, विषारीपणाची माहिती, ते प्रकरणच वेगळं होतं. लाकडाचं पॉलिश एवढंच ठेवा.

काजूवाली_वेंगुर्ला
खूप आभार दादा. वाळवीचं लिहिणारच होते, बरं झालं सांगितलंत. मग तो दुसरा मार्ग काय ते सांगा ना.

आणि एक मनातलं विचारते. आमच्याकडे काजू फोडायला ज्या बायका येतात त्यांची बोटं काळी पडतात, कातडी सोलते, राख लावतात, खोबरेल लावतात. पण एक जण अशी आहे की पहिला सीझन काही झालं नाही आणि आता नुसतं टरफलाच्या ढिगाजवळ बसली तरी हातावर, मानेवर पुळ्या येतात, डोळे सुजतात. तिला घरी बस म्हणायला जीभ रेटत नाही, तिचं घर त्यावर चालतं. सशाच्या टेस्टमध्ये हे कळलं असतं का?

त्वचा_डॉक्टर_रत्नागिरी
नाही कळलं असतं, आणि या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही आत्ता विचारलात. इरिटेशन म्हणजे पदार्थ थेट कातडीला जाळतो, पुरेसा लागला तर कोणालाही होतं, लागेल तिथेच होतं. तुमच्या त्या बाईंना जे होतंय ते अ‍ॅलर्जीचं दिसतंय. आधी काही होत नाही, शरीर तो पदार्थ ओळखायला शिकतं, मग पुढे थोडासा लागला तरी पुरळ. ४०४ मध्ये ससा ४ तासांसाठी एकदाच त्या पदार्थाला सामोरा जातो, त्यात अ‍ॅलर्जी दिसूच शकत नाही, तिच्या चाचण्याच निराळ्या आहेत. काजूच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड, कार्डोल, कार्डानॉल असतं, बिब्ब्यातली द्रव्यं याच घराण्यातली, आंब्याच्या चिकातली पण, म्हणून काही लोकांना हापूस काढताना चीक लागला तरी तसंच उठतं. त्यांना आंब्याचं विचारून बघा.

त्यांना टरफलाच्या कामावरून काढा पण कामावरून काढू नका प्लीज. सोललेल्या, सुकवलेल्या गराचं ग्रेडिंग-पॅकिंग देऊन बघा आणि तिथेही पुरळ आलं तर थांबवा. बाकीच्यांना जाड नायट्राइलचे हातमोजे द्या, पातळ रबरी चालणार नाहीत, आणि आत तेल गेलेला मोजा परत घालायचा नाही, तो तर नुसत्या हातापेक्षा वाईट कारण तेल आत दाबून धरतो. खोबरेलाने थोडा फरक पडतो पण ते मोज्याची जागा घेत नाही. डोळे सुजतायत तर त्यांना लवकर त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, फार्मसीतून स्टिरॉइडची ट्यूब आणून लावू नका.

लोटेवाला
डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. आता दुसरा मार्ग. तुमच्या पॉलिशमध्ये टर्पेंटाइन आहे, ते स्वतःच त्वचेला त्रास देणारं आणि अ‍ॅलर्जी करणारं म्हणून यादीत आहे. काजूच्या तेलाची माहिती सुद्धा प्रसिद्ध आहे. जीएचएस नावाची जी जागतिक पद्धत आहे तिच्यात मिश्रणाचं वर्गीकरण हिशोबाने करता येतं, इरिटंट घटक मिळून १० टक्के किंवा जास्त झाले की मिश्रण इरिटंट, अ‍ॅलर्जी करणारा घटक साधारण १ टक्का असला तरी तसं लिहायचं. काही जाळणारा घटक असला तर त्याची मर्यादा याहून कमी असते, तेवढं शीट करणाऱ्याकडून बघून घ्या. तुमच्यात टर्पेंटाइन नि तेल दोन्ही याच्या कितीतरी वर असणार, म्हणजे उत्तर कागदावरच मिळालं, एक पैसा टेस्टला न घालता. डब्यावर उद्गारचिन्हाची खूण, हातमोजे घाला, लागलं तर साबणाने धुवा. टर्पेंटाइनमुळे पेट घेण्याची खूण पण लागेल आणि गिळलं तर फुप्फुसात जाण्याचा इशारा, तो विसरू नका.

व्यापारी तरीही रिपोर्टच पाहिजे म्हणून अडला तर ओईसीडी ४३९ मागा. त्यात माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेल्या कातडीच्या तुकड्यांवर पदार्थ टाकतात, धुतात, साधारण ४२ तास ठेवतात आणि एमटीटी नावाच्या रंगाने किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात. ५० टक्के किंवा कमी राहिल्या तर इरिटंट. युरोपात २०१६ पासून या कामासाठी अशाच पद्धती आधी वापरायच्या असा नियम आहे. फक्त लॅबला आधीच विचारा की गडद तपकिरी फिनॉलवाल्या पदार्थासाठी कंट्रोल, म्हणजे चूक पकडणारी जोडचाचणी, लावणार का, कारण काजूचं तेल स्वतःच एमटीटीचा रंग बदलू शकतं आणि मेलेली कातडी जिवंत दाखवून रिपोर्ट खोटा चांगला येईल. या प्रश्नाला नीट उत्तर दिलं नाही तर ती लॅब सोडा. आणि जीएलपी, म्हणजे लॅबच्या कामाच्या दर्जाचं सर्टिफिकेट कुठल्या चाचणीसाठी आहे ते वाचून घ्या, नुसता लोगो बघून पैसे भरू नका.

काजूवाली_वेंगुर्ला
व्यापाऱ्याला आजच फोन केला, हिशोबाने केलेलं वर्गीकरण चालेल म्हणाला पण शीट १६ भागांची पूर्ण हवी. सशांचं कोटेशन नको म्हणून लॅबला कळवलं. पुळ्या येणाऱ्या त्या बाईला उद्यापासून ग्रेडिंगला बसवतेय आणि डॉक्टरांकडे पण घेऊन जातेय. दादा, शीटचा मसुदा झाला की इथेच टाकते, नजर टाकाल ना?

लोटेवाला
टाका ताई. तेलाचं आणि टर्पेंटाइनचं प्रमाण वजनाने लिहा, लिटरने नको.