शब्दचर्चा : 'वन-रन-ह्वा'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

पूर्व आशियातील शाईच्या निसर्गचित्रांचा आस्वाद कसा घ्यावा, या विषयावरील एक टिपण मराठीत आणताना तीन शब्दांपाशी अडले आहे. पहिला शब्द चिनी 'वन-रन-ह्वा', म्हणजे शिकल्यासवरलेल्या लोकांनी धंदा म्हणून नव्हे तर स्वतःसाठी काढलेली चित्रे. त्यासाठी 'पंडिती चित्रकला', 'हौशी चित्रकला' आणि 'साहित्यिक चित्रकला' हे पर्याय सुचले, पण एकही पटत नाही. दुसरा 'शान-श्वेइ', त्याला सरळ 'निसर्गचित्र' म्हणावे काय? तिसरा 'त्सुन', म्हणजे डोंगराच्या आणि खडकांच्या अंगावर कुंचल्याने घातलेल्या विशिष्ट रेघा. जाणकारांनी आपले मत सविस्तर द्यावे.

उत्तर

'पंडिती' हा शब्द मी पहिल्याच फटक्यात बाजूला ठेवीन. मराठीत त्याला पंतकवींच्या यमकांचा आणि शास्त्रार्थाचा वास आहे, आणि ही चित्रे तर पांडित्याचे प्रदर्शन कटाक्षाने टाळणारी आहेत. मूळ संज्ञेचा रोख कोणाविरुद्ध होता हे पाहिले की अर्थ लवकर उलगडतो. सोंग काळातील कवी आणि अधिकारी सू शी (1037–1101) याने 'शर-रन-ह्वा', म्हणजे शिकलेल्या अधिकारीवर्गाची चित्रे, असा वेगळा प्रकार मानला आणि चित्राची पारख केवळ हुबेहूबपणावरून करणाऱ्याची समज लहान मुलासारखी असते असे बजावले. पुढे मिंग काळात दोंग छीछांग (1555–1636) याने 'वन-रन' चित्रकारांची एक वंशावळच मांडली. तिच्या मुळाशी त्याने तांग काळातील कवी वांग वेइ याला बसवले, तिला 'दक्षिण शाखा' म्हटले आणि दरबारी व व्यावसायिक चित्रकारांची बरीचशी परंपरा 'उत्तर शाखे'त ढकलली. या दक्षिणोत्तर विभागणीचा भूगोलाशी संबंध नाही. ती नावे 'छान' (जपानीत 'झेन') या बौद्ध पंथाच्या दोन शाखांवरून उचललेली आहेत. तेव्हा 'वन-रन-ह्वा' हे एखाद्या शैलीचे निरुपद्रवी नाव नसून त्यात 'आम्ही पोटासाठी चित्रे काढणारे नव्हे' हा अभिमान, आणि स्पष्टच बोलायचे तर थोडा तोराही, भरलेला आहे.

'हौशी' या शब्दात हा भाग येतो, पण मराठीत 'हौशी' म्हटले की कौशल्य बेताचेच असणार असे आपण गृहीत धरतो. येथे तसे मुळीच नाही. ज्या कुंचल्याने ही माणसे लहानपणापासून अक्षर गिरवीत आली, त्याच कुंचल्याने, त्याच शाईने आणि पुष्कळदा त्याच जातीच्या कागदावर ती चित्रे काढीत. काजळी आणि सरस यांची घट्ट कांडी दगडावर पाण्यात उगाळून शाई करायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशीच. आणि पाणी किती घातले यावर काळ्याच्या किती छटा निघतील ते ठरायचे. चित्रकार आणि अक्षरकार जाओ मंगफू (1254–1322) याने तर एका चित्रावर लिहूनच ठेवले आहे की खडक 'उडत्या पांढऱ्या' वळणाने, म्हणजे कोरड्या कुंचल्यातून मधेमधे कागद दिसेल अशा फटकाऱ्याने काढावेत, झाडे मुद्रालिपीच्या, म्हणजे शिक्क्यांवर दिसणाऱ्या जुन्या चिनी लिपीच्या, वळणाने काढावीत, आणि अक्षरकला व चित्रकला मुळात एकच आहेत.

'साहित्यिक चित्रकला' अर्थाला जवळ जाते, पण वाचकाला ती कथा-कवितांवर बेतलेली चित्रे वाटतील. माझी पसंती 'व्यासंगी' या शब्दाला आहे. व्यासंगात अभ्यास आहे, वर्षानुवर्षांची साधना आहे, आणि तो उपजीविकेचा धंदा नाही हेही त्यात आपोआप येते. 'व्यासंगी चित्रकार' आणि 'व्यासंगी जनांची शाईचित्रे' अशी रूपे सहज वापरता येतील.

'शान-श्वेइ' म्हणजे अक्षरशः डोंगर आणि पाणी. आपल्याकडे 'निसर्गचित्र' म्हटले की नदीकाठी बोर्ड मांडीवर घेऊन समोरचा देखावा जलरंगांत टिपणारा चित्रकार डोळ्यांपुढे येतो. व्यासंगी चित्रकार बहुधा घरात, आठवणीतून आणि जुन्या उस्तादांची चित्रे मनात घोळवत काढीत असे. शिवाय एकाच ठिकाणी उभे राहून पाहण्याचा नियमही तेथे नाही. क्वो शी हा खरे तर दरबारी चित्रकार. त्याचे 1072 मधील 'वसंताची चाहूल' हे चित्र आज तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. पण त्याने सांगितलेली तीन 'अंतरे' सगळ्यांनीच मानली: पायथ्यावरून शिखराकडे पाहणे, पुढच्या डोंगरावरून मागच्या दऱ्यांत डोकावणे, आणि जवळच्या टेकडीवरून दूरवरच्या रांगांकडे सपाट नजर टाकणे. एकाच चित्रात ही तिन्ही नांदू शकतात. ज्या डोंगरात हिंडता यावे आणि राहता यावे असा डोंगर काढणे श्रेष्ठ, असेही त्याचे मत होते. त्यामुळे लांब गुंडाळी-चित्र उजवीकडून डावीकडे हातभर उलगडत जाताना प्रेक्षक ते पाहतो त्यापेक्षा त्यातून चालतो असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. 'डोंगरपाण्याचे चित्र' असा साधा समास मला 'निसर्गचित्रा'पेक्षा बरा वाटतो. 'गिरिजलचित्र' फार संस्कृताळलेले होते.

'त्सुन'बद्दल मात्र मराठीचे नशीब जोरावर आहे. या चिनी अक्षराचा मूळ अर्थ थंडीने त्वचा फुटणे, सुरकुतणे असा आहे आणि त्यात 'कातडी' दाखवणारा घटक स्पष्ट दिसतो. आपण थंडीत ओठ किंवा हात 'उलले' म्हणतो, ती नेमकी हीच क्रिया. डोंगराची कातडी कशी उलली आहे, हे दाखवणाऱ्या या रेघा. 'फटकारा' येथे चालणार नाही, कारण त्यात वेग आणि आवेश आहे, तर या रेघा अनेकदा कोरड्या कुंचल्याने सावकाश, एकीवर एक चढवलेल्या असतात. पहिल्यांदा 'त्सुन, म्हणजे उललेल्या त्वचेसारख्या पोतरेघा' असे लिहून पुढे 'पोतरेघ' वापरावे. त्यांचे प्रकार मराठीत सहज येतात: मोकळ्या सोडलेल्या तागाच्या धाग्यांसारख्या, कुऱ्हाडीच्या घावांसारख्या, घडी घातलेल्या फितीसारख्या. ह्वांग गोंगवांग (1269–1354) याच्या 'फूछुन डोंगरातील वास्तव्य' या चित्रात तागाच्या धाग्यांसारख्या रेघांची लांबच लांब मैफल आहे. 1650 च्या सुमारास या चित्राच्या मालकाने मरतेसमयी ते जाळायला सांगितले, पुतण्याने ते आगीतून ओढून काढले, पण त्याचे दोन तुकडे झाले. एक आता हांगजौला व दुसरा तैपेइला आहे. 2011 मध्ये तैपेइत ते दोन्ही एकत्र मांडले गेले होते. अठराव्या शतकातील चीनच्या छ्यानलोंग बादशहाने एका नकलेलाच अस्सल समजून तिच्यावर वर्षानुवर्षे आपले अभिप्राय लिहून जागा उरू दिली नाही, आणि अस्सल चित्र त्याच्या लेखणीतून बचावले. अधिकारवाणीने आस्वाद घेणाऱ्यांनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

आणखी एक मत

'व्यासंगी' हा शब्द आवडला, तथापि त्यातून एक बाजू निसटते. ही चित्रे 'विकायची नाहीत' असे म्हटले जाई, परंतु ती देण्याघेण्यात पुरेपूर गुंतलेली असत. नी त्सान (1301–1374) याचे 'रोंगशी अभ्यासिका' हे चित्र पाहा. खाली मोजकी सडसडीत झाडे आणि एक रिकामा मंडप, मधे कागद तसाच सोडून दाखवलेले विस्तीर्ण पाणी, वर ठेंगणे डोंगर. माणूस एकही नाही. चित्रावरच त्याने लिहिले आहे की ते 1372 मध्ये एका मित्रासाठी काढले होते, आणि दोन वर्षांनी तोच मित्र ते परत घेऊन आला, कारण त्याला ते एका वैद्याला भेट द्यायचे होते आणि त्यावर तसा मजकूर हवा होता. 'रोंगशी' हे त्या वैद्याच्या वास्तूचे नाव. म्हणजे चित्र तेच, पण त्याचे शीर्षक आणि त्याचा धनी नंतर ठरला. एवढी निर्मनुष्य, अलिप्त वाटणारी चौकट प्रत्यक्षात मैत्री आणि उपकारांच्या व्यवहारात फिरत होती, हे वाचकाला सांगायला हवे.

दुसरे असे की जपानमध्ये हीच संज्ञा 'बुन्जिन्गा' झाली, पण इके नो ताइगा (1723–1776) आणि योसा बुसोन (1716–1784) हे तिचे मोठे प्रतिनिधी चित्रांवरच पोट भरणारे होते. तेथे 'व्यासंगी' म्हणताना व्यवसाय नाही असा अर्थ घेतला तर घोटाळा होईल. जपानपुरता 'नांगा', म्हणजे दक्षिणी चित्र, हा दुसरा रूढ शब्द तसाच ठेवावा.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही आभार. 'व्यासंगी' आणि 'पोतरेघ' स्वीकारतो, आणि जपानपुरता 'नांगा' ठेवतो. एक शंका राहते ती क्रियापदाची. मूळ टिपणात हे चित्रकार डोंगर 'लिहितात' असे आहे. मराठीत ते विचित्र दिसेल काय?

उत्तर

फारसे दिसू नये. संस्कृतात 'आलेख्य' म्हणजे चित्रच. मेघदूतातील यक्ष शिळेवर गेरूने प्रियेचे चित्र काढतो तेथेही 'आलिख्य' हेच रूप आहे. आपल्याकडे वारली घरांत लग्नाचा चौक 'लिहितात'. तरीही मी सरसकट 'लिहिणे' वापरणार नाही. चिनी 'श्ये' या क्रियापदाला लिहिण्याबरोबरच एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी नेणे, ओतून मोकळे करणे अशाही जुन्या अर्थच्छटा आहेत. आपण काढलेला बांबू बांबूसारखा दिसतो की नाही याची पर्वा नाही, आपण केवळ छातीतील मोकळी ऊर्मी बाहेर टाकतो, असे नी त्सानने म्हटले, तेथे त्याने हेच क्रियापद योजले आहे. मराठीत 'उतरवणे' या दोन्ही जागा सांभाळते, कारण आपण मजकूरही उतरवून घेतो आणि मनातले कागदावरही उतरवतो. कोरियातील किम जंगही (1786–1856) याने जेजू बेटावर हद्दपारीत असताना, आपल्याला चीनमधून ग्रंथ आणून देणाऱ्या दुभाषी शिष्यासाठी 1844 मध्ये 'सेहान्दो' हे चित्र केले. त्यात एक ओकेबोके घर आणि थंडीतही हिरवी राहणारी चार झाडे, आणि शेजारी त्याच हाताने लिहिलेला मोठा मजकूर आहे. तेथे चित्रासाठी 'काढले' आणि मजकुरासाठी 'लिहिला' अशी फाळणी करण्याऐवजी दोन्हींसाठी एकदाच 'उतरवले' लिहावे. 'रंगवले' मात्र कोठेही नको, कारण रंग तेथे नाहीच.