आयनीभवन ऊर्जेच्या चढणीतले दोन खड्डे

आयनीभवन ऊर्जा म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. 'आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढतच जाते' हे विधान ढोबळमानाने ठीक, पण दुसऱ्या आवर्तातच ते दोनदा अडखळतं. बेरिलियमचा आकडा ९०० किलोज्यूल प्रति मोल, पुढच्या बोरॉनचा ८०१. बोरॉनचा निघणारा इलेक्ट्रॉन २पी या उपकवचातला (कवचाच्या उपविभागातला), बेरिलियमच्या २एस पेक्षा वरच्या ऊर्जेवरचा, म्हणून. मग नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. इथे बहुतेक जण नायट्रोजनबद्दल 'अर्धं भरलेलं उपकवच स्थिर' एवढं घोकून मोकळे होतात. खरं तर ऑक्सिजनचा चौथा २पी इलेक्ट्रॉन आधीच एक इलेक्ट्रॉन बसलेल्या कक्षकात (उपकवचातल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जागेत) शिरतो. जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे तो काढणं सोपं जातं. तिसऱ्या आवर्तात फॉस्फरस १०१२, गंधक १०००: घट किरकोळच, कारण ३पी कक्षक ऐसपैस, म्हणून जोडीतलं प्रतिकर्षण कमी.