दुधाची पिशवी धुऊन दिल्याने काही फरक पडतो का?

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची चकचकीत पाकिटे सुक्या कचऱ्यात तशीच टाकली तर चालते का?

उत्तर १: टाकता येतात, पण दुधाची पिशवी विसळून वाळवावी. ती पॉलिथिनची असल्यामुळे तिला भंगारात भाव मिळतो; मात्र आत राहिलेले दूध सांडले की सोबतचा कागद आणि पुठ्ठाही भिजून वाया जातो. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नये, कारण तेवढासा तुकडा वेचून कोणी काढत नाही. वेफर्सच्या पाकिटांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे कठीण असल्याने ती सहसा विकली जात नाहीत. धुण्यापेक्षा ती कमी आणणेच बरे.

उत्तर २: ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्यांना घरोघरच्या शुल्काबरोबरच सुक्या मालाच्या विक्रीतूनही उत्पन्न मिळते, त्यामुळे खरकटे लागलेला माल म्हणजे त्यांचे थेट नुकसान. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून स्वतंत्र द्यावेत. ते उघड्या हातांनी निवडायला लावणे मला तरी असभ्य वाटते.

उत्तर ३: ओल्या कचऱ्याकडेही लक्ष द्यावे. ढिगाखाली हवा न मिळता तो कुजला की मिथेन तयार होतो आणि कचरा डेपोत आगी लागतात; पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांनी हा त्रास अनेक वर्षे सोसला आहे. शक्य असल्यास सोसायटीतच खत करावे.